रूडी आणि चौदा नमुने

रोज सकाळी सहा वाजता, कॉफीचं पाणी उकळायच्या आत, रूडी झुपांचिच तळघरात उतरायचा. भिंतीवरच्या फळ्यांमधून एक सीडी काढायची, टेबलावरच्या दिव्याखाली तिरकी धरायची, आधी उजवीकडून, मग डावीकडून न्याहाळायची आणि पुन्हा तिच्या डबीत ठेवायची. रोज एकच. फळ्यांवर अकराशे सीड्या होत्या, त्यामुळे एकीची पाळी तीन वर्षांनी यायची. वर स्वयंपाकघरात अल्बिनाला त्याचा फक्त आवाज ऐकू यायचा. "छान" ऐकू आलं की ती कपात कॉफी ओतायची. "हं" ऐकू आलं तर थांबायची. "हं" म्हणजे ओरखडा, आणि ओरखडा सापडला की रूडी भिंग काढायचा आणि कॉफीचं पार पाणी व्हायचं.

मिनेसोटाच्या उत्तरेला, जिथे रस्त्यावरचा बर्फसुद्धा खाणीच्या धुळीने तांबूस होतो, तिथल्या लोखंडाच्या खाणीत रूडीने छत्तीस वर्षं नोकरी केली होती. खाणीच्या आत नाही, प्रयोगशाळेत. ट्रकच्या ट्रक भरून आलेल्या दगडांतून मूठभर घ्यायचे, कुटायचे, आणि त्यात लोखंड किती टक्के ते सांगायचं. एका नमुन्यावर त्याने कधी आकडा दिला नाही. "एक नमुना म्हणजे अफवा," तो म्हणायचा. "दोन घेतले आणि दोन्ही जुळले, तर ती माहिती." मुलगी जॅनिन लहानपणी "आज शाळेला सुट्टी आहे, पेगी म्हणाली" असं सांगत आली की तो तिला दुसऱ्या मैत्रिणीला फोन लावायला लावायचा.

तो निवृत्त झाला तेव्हा याच जॅनिनने डुलुथहून एक कॉम्प्युटर आणून दिला. "बाबा, सगळ्या सीड्या यात भरून टाका आणि त्या फळ्या मोकळ्या करा. आईला लोणच्याच्या बरण्या ठेवायला जागा नाही. थोडक्यात आटपेल, एखाद्या प्रोग्रॅमने होतं."

एखाद्या प्रोग्रॅमने! तिथेच सगळं बिघडलं. या गोष्टीला सहा हिवाळे लागले.

पहिल्या प्रोग्रॅमने एक सीडी पाच मिनिटांत उतरवून घेतली. रूडी खूश होणार, एवढ्यात त्याने मदतीचं पान उघडून वाचलं. जागा वाचवण्यासाठी हा प्रोग्रॅम गाण्यातले असे आवाज काढून टाकत होता, जे कानाला जाणवत नाहीत.

"कुणाच्या कानाला?" रूडीने तळघरातून ओरडून विचारलं.

"काय झालं?"

"हा माझ्या गाण्यातलं काढून टाकतोय! मला न विचारता!"

मग त्याला लॉसलेसचा शोध लागला आणि त्याने तो रात्रीच्या जेवणात, कोबीच्या वाट्या समोर ठेवून अल्बिनाला समजावला. "हे बघ. स्वेटर पेटीत मावत नाही. पहिला माणूस काय करतो, बाह्या कापतो. म्हणतो, बाह्यांची कुणाला आठवण येतेय. दुसरा माणूस नीट घडी घालतो. पेटीतही मावला आणि उलगडला की बाह्यांसकट स्वेटर. लॉसलेस म्हणजे घडी."

"मग घडी घालणारा घे की."

"घडी घालणारे तेरा आहेत," रूडी म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत अल्बिनाला ती चमक दिसली, जी छत्तीस वर्षं खाणीच्या कामात खर्ची पडली होती.

त्याने वही आखली. बाह्या कापणारा धरून एकूण चौदा प्रोग्रॅम, चौदा नमुने. नावं लिहिली नाहीत, नावाने मन कलुषित होतं म्हणाला. नमुना तीन फार भराभर काम करायचा, म्हणून संशयास्पद. नमुना पाच एका सीडीला चार तास घ्यायचा, आणि तेवढ्यात रूडीला त्याच्याबद्दल आदर वाटू लागला होता. पण शेवटी तो अडकून पडला. नमुना सहाला अकरा पानं भरून बटणं होती. रूडीने ती सगळी एकेक करून दाबून पाहिली, त्यात एक हिवाळा गेला. नमुना दोन सगळं चोख करायचा, पण त्याची खिडकी पिवळीधमक होती. "लक्ष विचलित होतं," असा शेरा त्याच्यापुढे पडला.

नमुना चार गाण्यांची नावं आपणहून भरायचा. सीडीची लांबी मोजायची, दूर कुठल्यातरी यादीत तशाच लांबीची सीडी शोधायची आणि तिची नावं चिकटवून मोकळं व्हायचं. एका संध्याकाळी अल्बिना चष्मा लावून पडद्यासमोर बसली. तिच्या मामेभावाच्या लग्नातल्या पोल्का नाचांपुढे 'रक्ताचं सिंहासन', 'हाडांची फौज' अशी नावं होती. चर्चच्या बायकांच्या गायनाची सीडी 'देवमाशांचे आवाज : मनःशांतीसाठी' या नावाने नोंदली गेली होती.

"हे दुसरं बरोबर आहे," अल्बिना म्हणाली. "मी होते ना त्यात."

रूडी हसला नाही. नमुना चारवर काट मारली.

जगात अशी माणसं आणखी होती. ती सगळी एका संकेतस्थळावर जमून भांडायची. मॅनिटोबाचा एक गृहस्थ तिथे 'उत्तरध्रुव' या नावाने लिहायचा. त्याच्यामुळे रूडीचं जेवण एकदा पानात राहिलं होतं.

"कोण वारलं?" अल्बिनाने विचारलं.

"कुणी नाही. उत्तरध्रुव म्हणतोय सीडी एकदाच वाचली तरी चालते. एकदाच! हा माणूस मोकळा फिरतोय."

चौथ्या हिवाळ्यात त्याने अल्बिनाच्या कानांची परीक्षा घेतली. तिला खुर्चीत बसवलं. एकच गाणं दोनदा लावायचं, एकदा बाह्या कापलेलं, एकदा घडी घातलेलं, आणि तिने ओळखायचं. अल्बिनाने विणकाम घेतलं, दहा वेळा ऐकलं आणि दहाच्या दहा वेळा बरोबर सांगितलं. रूडीने सगळ्या जगाला कळवलं की आपल्या बायकोचे कान दैवी आहेत. उत्तरध्रुवानेसुद्धा अभिनंदन केलं. घडीचं गाणं लागलं की रूडी श्वास रोखून भुवया वर चढवतो, हे अल्बिनाने काही सांगितलं नाही. दुसऱ्या नमुन्याशिवाय त्याला चैन पडेना, म्हणून आठवड्याने त्याने पुन्हा परीक्षा घेतली. नियमाप्रमाणे या वेळी तो मध्ये ब्लँकेट टांगून पलीकडे बसला. दहापैकी पाच.

"सर्दी झालीय का तुला?" ब्लँकेटमागून काळजीचा आवाज आला.

हे सगळं अल्बिनाने चालू दिलं असतं. नवरा तळघरात आहे, दारू पीत नाही, आजारी नाही, एवढ्यावर त्या गावातल्या निम्म्या बायकांनी देवाचे आभार मानले असते. पण अकराशेंपैकी एक सीडी तिची होती.

ती तिच्या भावाची. लुई बटणांचं अकॉर्डियन वाजवायचा, चर्चच्या तळमजल्यावरच्या नाचाला, लग्नांना, वाढदिवसांना. कधी कुणी ध्वनिमुद्रण केलं नाही, कारण तो पुढच्या शनिवारी पुन्हा वाजवणारच असायचा. एकाच नाचाला कुणीतरी यंत्र लावलं आणि घरी बसून चाळीस सीड्या केल्या. अकरा गाणी. अकरावं होतं एक वॉल्ट्झ, नाच संपून खुर्च्या रचायला सुरुवात झाल्यावर त्याने एकट्याने वाजवलेलं, त्यांच्या आईच्या आवडीचं. लुई गेल्यावर पहिली दोन वर्षं अल्बिनाला ते ऐकवत नव्हतं. तिसऱ्या वर्षी ऐकावंसं वाटलं, तर रूडीने मनाई केली.

"घरी केलेली सीडी आहे. नाजूक असते. आधी उतरवून घेऊ, मग रोज ऐक."

"मग उतरव."

"चांगला प्रोग्रॅम ठरू दे. ही सगळ्यात महत्त्वाची, म्हणून सगळ्यात शेवटी."

सहाव्या हिवाळ्यात, मार्चमधल्या एका सकाळी, तळघरातून "छान" आलं नाही आणि "हं"ही आलं नाही. अल्बिना किटली घेऊन वाट बघत राहिली. मग पायऱ्या उतरून गेली. लुईच्या सीडीची पाळी होती. रूडी ती दिव्याखाली धरून उभा होता, आणि तिच्या बाहेरच्या कडेला चहा सांडल्यासारखा तपकिरी डाग होता.

"मागच्या वेळी नव्हता," तो म्हणाला.

"बाहेरच्या कडेला काय असतं?"

"सीडी आतून बाहेर वाजते." तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "कडेला शेवटचं गाणं."

अल्बिनाने किटली टेबलावर, त्याच्या वहीवर ठेवली. "वाचनालयात ब्रेंडा बसते ना, ती दहा मिनिटांत करून देते. मी नेते आज."

"ब्रेंडा?" रूडीचा चेहरा पडला. "अगं, ब्रेंडा बाह्या कापते!"

"कापू दे. सहा वर्षं तू कोणती कात्री वापरायची नाही ते ठरवतोयस. रविवारपर्यंत तुझा प्रोग्रॅम ठरला तर ठीक, नाहीतर सोमवारी ब्रेंडा."

रूडीने तीन दिवस बेरजा केल्या. शनिवारी संध्याकाळी निकाल लागला. पहिला आला नमुना दोन.

"पिवळा?" अल्बिनाने विचारलं.

"रंगाचे गुण वजा केले तर तोच."

"पहिल्या हिवाळ्यातला?"

रूडीने लुईच्या सीडीची डबी उघडली. पिवळ्या खिडकीतून सीडी आत गेली. तो प्रोग्रॅम प्रत्येक गाणं दोनदा वाचून प्रत्येक वाचनाची एक आकड्यांची खूण द्यायचा, वाचन सारखं तर खूण सारखी, आणि जगात आणखी कुणी तीच सीडी उतरवली असेल तर त्याच्या खुणेशी ताडूनही पाहायचा. इथे त्याने कळवलं की ही सीडी जगात कुणालाच माहीत नाही. ते ठीकच होतं. दहा गाण्यांच्या खुणा आपसात जुळल्या. अकराव्याच्या जुळल्या नाहीत. रूडीने पुन्हा वाचलं. एकूण एकोणीस वेळा वाचलं, आणि एकोणीस निरनिराळ्या खुणा आल्या.

"एकोणीस अफवा," तो पुटपुटला.

"लाव," अल्बिना म्हणाली.

त्याने लावलं. दोन मिनिटं लुई वाजवत होता. पुढे तेलात काही पडावं तसं तडतडलं, आणि त्या तडतडीखाली कुठेतरी वॉल्ट्झ चालू राहिलं. अल्बिना शेवटपर्यंत बसली, मग वर जाऊन बटाटे सोलू लागली. दोघांना लागतात त्यापेक्षा बरेच जास्त सोलले.

थोड्या वेळाने रूडी वर आला आणि दारात उभा राहिला. "दुसरी प्रत पाहिजे."

रविवारभर दोघांनी फोन केले. चाळीसपैकी एक प्रत विकलेल्या गाडीबरोबर गेली होती. एक चेरीच्या झाडाला टांगलेली होती, पाखरं हाकलायला. फादरनी आपल्या प्रतीवर नऊ वर्षं कॉफीचा कप ठेवला होता, आणि तसं सांगताना त्यांना वाईटही वाटलं नाही. बाकीच्यांना आठवतच नव्हतं. शेवटी दोघं स्वयंपाकघरात समोरासमोर बसले आणि मिठाच्या डबीकडे बघत राहिले, कारण एक नाव उरलं होतं.

"व्हिडाकडे असेल," अल्बिना म्हणाली.

व्हिडा म्हणजे लुईची बायको. ती पन्नास मैलांवर एलीला राहायची, आणि पाच वर्षं तिच्याशी बोलणं नव्हतं. कारण रूडी. चर्चच्या जत्रेत पोटिकांची स्पर्धा होती. पोटिका म्हणजे कागदासारख्या पातळ लाटलेल्या पिठात अक्रोडाचं सारण पसरून केलेली गुंडाळी, आणि त्या भागात कुठल्याही बाईची किंमत तिच्या सारणावर ठरायची. सारण पिठापेक्षा जास्त असलंच पाहिजे. परीक्षक म्हणून रूडीला बोलावलं, ही फादरची चूक. तो खिशातून तराजू घेऊन गेला. व्हिडाच्या पोटिकेचा एक काप घेतला, चाकूने पीठ वेगळं केलं, सारण वेगळं केलं, तोललं आणि चारचौघांत जाहीर केलं : "एक्केचाळीस टक्के." ही पाककृती व्हिडाला अल्बिनाच्याच आईने शिकवली होती.

सोमवारी ते एलीला गेले. व्हिडाने आतलं दार उघडलं, बाहेरचं काचेचं उघडलं नाही, आणि काचेतूनच बोलली.

"काय रे, तराजू आणलायस?"

"हो," रूडी म्हणाला. तो खरंच त्याच्या कोटाच्या खिशात होता.

अल्बिनाने डोळे मिटले. गाडीत त्याचे खिसे तपासायला हवे होते.

"ऐक, व्हिडा," रूडी काचेला म्हणाला. त्याच्या श्वासाने काच धुरकट झाली होती. "त्या दिवशी मी एकच काप मोजला."

"मग?"

"तोही टोकाचा. टोकाला गुंडाळी दुमडतात, तिथे सारण पोचत नाही, नुसतं पीठ असतं. एक नमुना, आणि तोही टोकाचा. त्याच्यावर मी गावभर आकडा सांगितला. खाणीत असं केलं असतं तर मला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं. काल रात्री माझ्या लक्षात आलं."

"पाच वर्षांनी?"

"मी सावकाश काम करतो."

"म्हणजे माफी मागतोयस?"

"माफी नाही. चाचणी रद्द."

"त्याच्या भाषेत हीच माफी आहे गं," अल्बिना मागून म्हणाली. "घे ती. मला लग्न झाल्यापासून तीसुद्धा मिळालेली नाही."

व्हिडाचं तोंड थोडं वाकडं झालं. हसू दाबलं की तिचं तसं व्हायचं. तिने काचेचं दार उघडलं, पण वाटेतून हलली नाही. "रद्द नको मला. पुन्हा कर. माझ्यासमोर. तीन ठिकाणचे काप घे."

ईस्टरसाठी केलेली एक पोटिका तयारच होती. टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. रूडीने बाह्या सरसावल्या, तराजू मांडला, आणि व्हिडा हाताची घडी घालून त्याच्या डोक्याशी उभी राहिली, खाणीचा मुकादम उभा राहावा तशी. त्रेपन्न. पंचावन्न. चोपन्न.

"सरासरी?"

"चोपन्न टक्के."

"मोठ्याने."

"चोपन्न टक्के!"

"ती खिडकी उघड आणि सांग. पलीकडे डोरोथी राहते, ती त्या दिवशी पुढच्या रांगेत होती."

रूडीने खिडकी उघडली आणि मार्चच्या थंडीत, पलीकडच्या बंद घराला, चोपन्न टक्के असं ओरडून सांगितलं. एक कुत्रा भुंकला. मग तिघांनी कॉफीबरोबर नमुने खाल्ले.

सीडी लुईच्या अकॉर्डियनच्या पेटीत होती, पट्ट्यांच्या खाली, रुमालात. वरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं.

"मी लावली नाही कधी," व्हिडा म्हणाली. आणि लगेच, "परत आणून द्यायची. दोघांनी यायचं. पुढच्या रविवारी, जेवायला. आणि त्याच्या पुढच्याही."

त्याच संध्याकाळी रूडीने ती सीडी पिवळ्या खिडकीत घातली. अल्बिना शेजारी उभी राहिली. आधीची दहा गाणी त्यांच्या प्रतीशी जुळली. अकराव्याचं पहिलं वाचन झालं. दुसरं झालं. दोन्ही खुणा तंतोतंत सारख्या. रूडीने तिसऱ्यांदा वाचायला हात पुढे केला. अल्बिनाने तो धरला.

"दोन पुरेत म्हणतोस ना?"

त्याने हात मागे घेतला, आणि गाणं लावलं.

दोन मिनिटं गेली. तडतड आली नाही. वॉल्ट्झ पुढे चालत राहिलं, मध्येच लुईने एक सूर जरा लांबवला, कुणीतरी खुर्ची ओढली, आणि शेवटचा सूर भात्यातली हवा संपेपर्यंत टिकला. मग चार-पाच जणांच्या टाळ्या. टाळ्यांनंतर लुईचा आवाज, अगदी यंत्राजवळून : "रूडी, अरे ते दार लाव, बोटं गोठली माझी."

पायऱ्यांवरचं दार उघडंच होतं. रूडी उठला, गुडघे धरत पायऱ्या चढला आणि ते दार लावून परत येऊन बसला. अल्बिना तोंडावर ॲप्रन धरून हसत होती, आणि बराच वेळ तिला थांबता आलं नाही. त्या रात्री तिने ते चार वेळा ऐकलं.

पुढे रूडीला घाई सुटली. रोज एक अख्खी सीडी उतरवायचा. संकेतस्थळावर त्याने उत्तरध्रुवाला लिहिलं की नमुना दोनच श्रेष्ठ. त्यावर जे भांडण पेटलं, ते जॅनिनने सांगितल्याप्रमाणे अजून विझलेलं नाही. रविवारी दोघं एलीला जायचे. तिथे तराजू न्यायला बंदी होती. पण रूडी बटाट्यांचे तुकडे डोळ्यांनीच तोलतो, हे व्हिडाला कळायचं, आणि ती त्याच्या ताटात मुद्दाम लहानमोठे वाढायची.

पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरपर्यंत त्याने निम्म्याहून अधिक फळ्या उतरवल्या होत्या, आणि दोन फळ्यांवर अल्बिनाच्या लोणच्याच्या बरण्या आल्या होत्या. त्या महिन्यातल्या एका रविवारी, रात्रभर बर्फ पडून सकाळी उघडलं होतं. व्हिडाकडे साडेअकराला पोचायचं होतं आणि अल्बिनाला मफलर सापडत नव्हता. गाडीपाशी रूडी पडला तेव्हा ती अजून आत होती. डॉक्टर नंतर म्हणाले, त्याला काही कळलंही नसेल. अंत्यविधीच्या वेळी व्हिडाने तिला विचारलं, शेवटी काही बोलला का, आणि अल्बिनाने आठवून, एकही शब्द कमीजास्त न करता सांगितलं. टोपी डोक्यावर ओढत, गाडीवरचा बर्फ काढायची खरवडणी हातात घेऊन दारातून बाहेर पडताना तो म्हणाला होता :

"मी काच साफ करतो, तोवर तू बूट घाल. आणि ते काळे नको, ते घसरतात."